सहा आठवडे फळ्यावर

प्रार्थना संपली की बडीबाई सूचना सांगायच्या. विहिरीचा दोर कुणी आत टाकला, कुणाच्या डोक्यात उवा झाल्या, कुणाची पाटी ओसरीवर राहिली, असलं काहीबाही. त्या वर्षी मात्र पहिली सूचना त्यांच्या स्वतःच्या पाठीची असे. "काल एरंडेल संपलं. आजपासून पंधरा दिवस निरगुडीचा शेक. कुणाच्या वाडीत झुडूप असेल तर उद्या दोन डहाळ्या आणा." हे त्या इतक्या आनंदानं सांगायच्या की बाहेरच्या माणसाला वाटावं, शाळेला सुट्टीच जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर निरगुडीचा एवढा ढीग पडायचा की गावातल्या सगळ्या बैलांच्या पाठी शेकून निघाल्या असत्या.

ही आमगावची मुलींची शाळा. तेव्हा आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक ओसरी, मागे विहीर, आणि शिकवायला आम्ही दोघी. त्या मुख्य म्हणून बडीबाई. हे नाव गोंदियाकडच्या हिंदी बोलणाऱ्या पालकांनी दिलं आणि ते सगळ्यांनी उचललं. मी त्यांच्या हाताखालची, एकवीस वर्षांची, भंडाऱ्याहून नव्यानं आलेली. गावात एकट्या मुलीला खोली कोण देणार, म्हणून शाळेला लागून असलेल्या त्यांच्याच घरात राहत होते. दिवसभर शाळेत त्याच, संध्याकाळी घरीही त्याच. सुटका नव्हती, आणि पुढे पुढे मला ती नकोशी झाली.

बडीबाई अर्जुनी मोरगावकडच्या शेतकरी घरातल्या. गावासाठी तळी बांधणारं जुनं घराणं. लहानपणीच विधवा झाल्या. वडिलांनी सांगितलं, दोन भाऊ तळ्याचं पाहतील, हिनं शाळा शिकावी. उंच, काटक, पांढरं पातळ आणि पायात पुरुषी चपला. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण मन उचंबळलं की माहेरची झाडीबोली बाहेर पडायची. आणि त्यांचं मन दिवसातून दहा वेळा उचंबळायचं. नवा नकाशा आला, एखाद्या मुलीला भागाकार जमला, विहिरीत कासव दिसलं, काहीही पुरे. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीवर वह्या असत आणि बाई उभ्या. आषाढात चार-चार कोस चिखल तुडवून त्या खेड्यांतून मुली गोळा करून आणत. बाप नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. तिसऱ्या दिवशी बाप कंटाळून हो म्हणत असे.

अशा बाईची पाठ गेली. दिवाळीनंतर गोंदियाहून नकाशांची पेटी पॅसेंजरनं आली. गाडी आमगावला जेमतेम थांबते, हमाल दुसऱ्या टोकाला, म्हणून बाईंनी स्वतःच डब्याच्या दारातून पेटी ओढली आणि वाकून उचलली. कमरेत काहीतरी सटकलं. स्टेशनपासून घरापर्यंत त्या काटकोनात वाकून चालत आल्या आणि वाटेत मला सांगत राहिल्या की नकाशात या वेळी रेल्वेच्या नव्या रेषा आहेत.

चार दिवसांत कमरेचं दुखणं पायात उतरलं. डाव्या कुल्ल्यातून निघायचं आणि थेट करंगळीपर्यंत जायचं. बाईंनी चौथीच्या भूगोलाच्या तासाला फळ्यावर एक मोठा पाय काढला आणि त्यात कळ दाखवली, नदी दाखवावी तशी. उगम इथे कमरेत, मग मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खळगीतून, पोटरीवरून घोट्याच्या बाहेरच्या अंगानं करंगळीला. उगम एकीकडे, पूर भलतीकडे. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, मग बाई, तुम्ही तेल पोटरीलाच काऊन चोळून राहिल्या? बाईंनी तिला पुढे बोलावून वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. त्या दिवसापासून पोटरीचं तेल बंद.

त्यांचा नियम असा होता: एका वेळी एकच औषध, पंधरा दिवस, दुसरं काही मध्ये आणायचं नाही. नाहीतर गुण कशाचा हे कळणार कसं? मोजमापही ठरलेलं. सकाळी ओसरीपासून विहिरीकडे चालायचं आणि कितव्या पावलाला कळ येते ते पाहायचं. तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. आमची भिंत काही महिन्यांत औषधांची पाटी झाली.

गावानं औषधं सुचवण्यात कसूर केली नाही. गरम वाळूची पुरचुंडी झाली, मोहाच्या बियांचं तेल झालं. वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, ही गृध्रसी, माणूस गिधाडासारखा चालू लागतो म्हणून हे नाव. बाईंना ते फार आवडलं. घरी येऊन त्यांनी अंगणात गिधाडाची चाल करून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांना जाऊन सांगितलं की गिधाड असं चालत नाही, मी माहेरी पुष्कळ पाहिलेत. वैद्यबुवा चांगले होते, हसले आणि एरंडेल दिलं. एरंडेलानं कळ थोडी उतरली, पण भिंतीवर बाईंनी लिहिलं: शाळेच्या वेळेत जमत नाही.

मग कुणी डाग देणाऱ्याचं नाव सांगितलं. आमगावपासून दीड कोसावर एक म्हातारा शेतकरी घोट्याच्या वर तापल्या लोखंडानं डाग द्यायचा. त्याच्याकडे बैलगाडीनं जायला मीच सोबत होते. मला वाटेतच घाम फुटला होता. बाई मात्र त्याच्या शेगडीशी जाऊन वाकून पाहू लागल्या, लोखंड कुठलं, किती तापवतोस, किती माणसं बरी झाली. म्हातारा लोखंड फिरवत शांतपणे उत्तरं देत होता. शेवटी बाईंनी विचारलं, "यानं होते काय नेमकं?"

म्हातारा म्हणाला, "खरं सांगू का बाई? डागाचं दुखणं एवढं मोठं रायते का माणूस पयलं दुखणं इसरून जाते. तवर ते पयलं आपल्यानं निघून जाते."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना गाडीच्या चाकाला धरून उभं राहावं लागलं. त्यांनी डाग घेतला नाही. पण वर्षभर सगळ्यांना सांगत राहिल्या की या तालुक्यात खरं बोलणारा वैद्य एकच.

हे सगळं ऐकताना गंमत वाटते, पण मी त्या घरात राहत होते. फाल्गुनात एकदा पहाटे मी स्वयंपाकघरात गेले तर बाई लहान पोरासारख्या दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर होत्या. तसं राहिलं तरच पायाची आग थांबायची. त्याच अवस्थेत त्या फुंकणीनं चूल फुंकत होत्या. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली. डोळे लाल होते, धुरानं किंवा कशानं. म्हणाल्या, "पाहा, अशीही चूल पेटते."

त्याच महिन्यात माझी आई चार दिवस राहायला आली. बाईंचे हाल पाहून तिला राहवलं नाही आणि मी इतके महिने दाबून ठेवलेली गोष्ट ती बोलून गेली: आमची पोर पायाळू आहे, तिनं अजून पाय नाही लावला का तुमच्या कमरेला?

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले. अशा माणसानं पाय लावला की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडे घराघरात मानतात. भंडाऱ्याला मी पाच वर्षांची असल्यापासून शेजारपाजारचे लोक अंगणात पालथे पडायचे आणि मला त्यांच्या कमरेवर पाय द्यावा लागायचा. माणसं माझ्या तोंडाकडे नंतर पाहायची, आधी पायांकडे. त्यात दुसरीही समजूत: पायाळूवर वीज पडते. ढग दाटले की आई मला आतल्या खोलीत कोंडायची. नोकरीला आले तेव्हा ठरवलं होतं, या गावात कुणाला कळू द्यायचं नाही. पण ढग गडगडला की माझे हात आपोआप खिडकी लावून घ्यायचे, ते काही सुटलं नव्हतं.

बाईंचा आनंद काय सांगू. औषध घरात आणि मी तालुकाभर हिंडून राहिली, असं म्हणत त्यांनी चालू असलेलं औषध पहिल्यांदाच मुदतीआधी बंद केलं आणि चटई अंथरली. मी नाही म्हणाले. वयानं, शिक्षणानं, सगळ्यानं मोठ्या. ज्यांच्या पायाला हात लावायचा त्यांच्या पाठीला पाय कसा लावू? मी रडायलाच लागले. बाई चटईवर पालथ्या पडल्या होत्या. तशाच, तोंड चटईत, म्हणाल्या, "मी तुझी बाई नाही आता. मी दुखणं आहे. ठेव पाय."

मी पाय धुतले आणि डावा पाय तीन वेळा त्यांच्या कमरेला लावला. हाडं हाताला लागावीत तशी पायाला लागत होती. त्या इतक्या वाळल्या आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाई उठल्या आणि विहिरीपर्यंत गेल्या. पहिल्यांदाच, एकही कळ न येता. विहिरीवरून त्यांनी मला हाक मारली ती स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल. संध्याकाळपर्यंत चार बायका आपापल्या कमरा घेऊन ओसरीवर हजर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तिसऱ्या दिवशी बारा पावलांवर बाईंचा पाय पुन्हा धरला. चौथ्या दिवशी आठ. त्यांनी भिंतीवर लिहिलं, "पाय: दोन दिवस. तेही आनंदानं." ओसरीवरच्या बायकांना सांगून टाकलं की गुण नाही, घरी जा. मला मात्र जवळ बसवून म्हणाल्या की यात तुझं काही चुकलं नाही, आणि आजपासून तुझे पाय फक्त तुझे.

उन्हाळा गेला तसं दुखणं वाढलं. करंगळी बधिर झाली. नेमकं त्याच वर्षी शाळेला पाचवी मिळायची संधी आली होती. चौथी होऊन घरी बसलेल्या वीस मुली पटावर आणा, तपासणी होईल, मग पाहू, असं वरून पत्र होतं. बाई सहा वर्षं त्या पत्राची वाट पाहत होत्या. मृग लागला तेव्हा त्यांना दहा पावलंही टाकता येत नव्हती. अखेर मी हट्ट धरला आणि आम्ही पॅसेंजरनं गोंदियाच्या डॉक्टरांकडे गेलो. बसवत नव्हतं म्हणून त्या डब्याच्या दाराशी सगळी वाट उभ्या होत्या.

डॉक्टर वयस्क बंगाली गृहस्थ, हिंदीत बोलायचे. त्यांनी बाईंना उताणं निजवून डावा पाय सरळ वर उचलला. हातभर वर जातो न जातो तोच बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग डॉक्टरांनी कागदावर मणके काढून दाखवले. दोन मणक्यांच्या मधली गादी सरकली की पायाकडे जाणारी नस दाबली जाते. उपाय दोन. एक, सहा आठवडे कडक फळीवर उताणं निजायचं, गरजेपुरतंच उठायचं. दुसरा, नागपूरला ऑपरेशन. ऑपरेशननं पुष्कळांना आराम पडतो, काहींचा पाय कमजोर राहतो. पण पाऊल लुळं पडू लागलं किंवा लघवी अडली तर एक दिवसही थांबू नका, तडक नागपूर गाठा, असं त्यांनी दोनदा बजावलं. बाईंनी विचारलं, काहीच केलं नाही तर? डॉक्टर म्हणाले, "अक्सर अपने आप भी ठीक होता है. लेकिन समय लेता है, और आप समय देती नहीं." बाईंनी त्यांनाही टाळ्या दिल्या असत्या, पण हात टेबलाच्या कडेला होते.

परतीच्या गाडीला अवकाश होता. गोंदियाच्या फलाटावर बाई खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं विचार करू लागल्या. नागपूरला गेलं तर दोन महिने जातील, शाळेवर दुसरं कुणी येईल, पाचवीचा कागद तिथेच अडकेल. फळीवर निजलं तर आषाढ जाईल. आषाढातच भाताची रोवणी, आषाढातच मुली घरी ओढल्या जातात, आषाढातच त्यांना आणावं लागतं. तेव्हा सध्या चालत राहावं, वीस मुली कराव्या आणि मग पायाचं पाहावं. चेहऱ्यावर तीच नेहमीची उमेद होती, पण बोलता बोलता त्या डावा पाय उजव्या पायावर घासत होत्या, बधिरपणा जातो का पाहायला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही फळीवर निजा. गावांना मी जाईन."

"तू? आषाढात?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ढग वाजला की तू खिडकी लावून घेते."

"पायाळूवर वीज येते म्हणतात, म्हणून."

"पायाळूच्या पायानं पाठ बरी होते, हेबी म्हणतात. माझी झाली?"

"नाही."

"मंग वीज तरी कायले येईल? एक गोष्ट आपण दोघींनी करून पाहिली, ती खोटी निघाली. दुसरी तू न पाहताच खरी धरून राहिली."

गाडी आली, आम्ही चढलो, आणि आमगाव येईपर्यंत बाईंनी मला सगळ्या गावांची, सगळ्या बापांची आणि त्यांच्या सबबींची उजळणी करून दिली.

फळी कुठली घ्यायची यावर बाईंनी वेळ घालवला नाही. शाळेत चिरलेला जुना फळा होता. तो दोन बाकांवर आडवा टाकून त्यांनी ओसरीवरच मांडला. घरी निजायचं असं डॉक्टर म्हणाले नव्हते, फळीवर निजायचं म्हणाले होते. त्यांच्या पांढऱ्या पातळाच्या पाठीला सहा आठवडे काळा रंग लागत राहिला. चौथीचा वर्ग ओसरीवर आला. बाई छताकडे पाहून शिकवायच्या आणि छडीच्या टोकाला खडू बांधून बाजूच्या भिंतीवर लिहायच्या. न हलणं हे त्यांना कसं जमलं असेल कोण जाणे. कधीकधी त्यांच्या हातांची बोटं फळ्यावर चालायची, दोन बोटं, पावलांसारखी.

मी निघाले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गावाबाहेर ढग आले. दोन्हीकडे पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधून धुरा, म्हणजे वीतभर रुंद बांध, जवळ झाड नाही, घर नाही. बांधीत बायका ओळीनं वाकून रोवणी करत होत्या. पहिली वीज चमकली तशी मी धुऱ्यावरच मटकन बसले आणि डोळे मिटले. एक बाई खालूनच ओरडली, कोण आहे, काय झालं? मी खरं ते सांगून टाकलं, पायाळू आहे, वीज येईल. तुमच्या बांधीत मी नको.

ती पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "वीज का तुह्या एकटीची हाय? आमी बी भिऊनच राहिलो. ये, खाली बस, वाकून राय."

मी त्यांच्यात उतरून वाकून राहिले. दूर कुठेतरी वीज पडली, सगळ्याजणी एकदम दचकल्या, मीही तेवढीच दचकले. सरी येऊन गेल्या. मग मी विचारलं, यात चौथी शिकलेली पोर कुणाची? त्याच बाईनं आपल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती माझी पहिली मुलगी.

सबब सगळीकडे एकच होती: पोट्टी शाळेत गेली तर धाकट्याले कोण पाहील? मी बाईंना येऊन सांगितलं. बाई छताकडे पाहत म्हणाल्या, धाकट्यालेबी आणा. मी निजलीच आहे. अशी आमच्या ओसरीवर रांगणारी, दुडदुडणारी पोरं जमली. ती बाईंच्या फळ्याखालून घर करायची, त्यांच्या पदराला धरून उभी राहायची आणि बाई त्यांना पाढे म्हणून दाखवायच्या. रोवणीच्या दिवसांत मुलींनी सकाळचे दोन तास यायचं, मग बांधीत जायचं, असा तोडगा बापांनी आणि आम्ही काढला. पाचव्या आठवड्यात पटावर बावीस नावं झाली. प्रत्येक नाव सांगितलं की बाई फळ्यावर मूठ आपटायच्या.

आणि तपासणी आली ती न सांगता. मधे पाऊस दडला होता, आदल्या दिवशी धो धो पडला होता, त्यामुळे त्या सकाळी सगळा तालुका बांधीत. निरीक्षकबाई भंडाऱ्याहून आल्या, छत्री, बूट, मोजे, चेहरा इस्त्री केलेला. ओसरीवर मुख्याध्यापिका फळ्यावर उताण्या, पोटावर एक पोर झोपलेलं. पाचवीच्या खोलीत सहा मुली. त्यांनी पट पाहिला, मुली पाहिल्या आणि पट मिटला. म्हणाल्या, "कागदावर बावीस कुणीही लिहील, बाई."

बडीबाईंनी पोटावरचं पोर अलगद बाजूला ठेवलं आणि कोपरावर उठू लागल्या. कपाळावर लगेच घाम आला. त्या चालत बांधीपर्यंत जाणार होत्या, हे मला दिसलं. पाच आठवडे मिळवलेलं एका फेरीत जाणार होतं. मी पुढे होऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना परत फळ्यावर निजवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला, "निजा तुम्ही." मग पट उचलला आणि निरीक्षकबाईंना म्हणाले, मुली इथून दहा मिनिटांवर आहेत, या माझ्याबरोबर.

त्या का आल्या, ते मला अजून कळलेलं नाही. पण आल्या. पहिल्या धुऱ्यावर बूट काढून हातात घेतले, दुसऱ्यावर पाय घसरला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत बांधीत गेला. मी पट उघडला आणि मोठ्यानं पहिलं नाव घेतलं. लांबच्या बांधीतून एक हात वर झाला, हातात हिरवे पऱ्हे. "हाजिर." दुसरं नाव. "हाजिर." मग तर बायकाच पुढची नावं ओरडून पुढच्या बांधीला कळवू लागल्या, आणि तिकडून उत्तरं येऊ लागली. कुणी आईच्या मागून डोकं काढायची, कुणी कमरेवर भाऊ घेऊन धुऱ्यावर धावत यायची. माझा आवाज बसला, पण मी थांबले नाही. एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

निरीक्षकबाईंनी एका मुलीला जवळ बोलावलं. पुस्तक नव्हतं, म्हणून पिशवीतलं आपलंच सरकारी पत्र तिच्या हातात दिलं, वाच म्हणाल्या. मुलीनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि अडखळत वाचलं, "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने..." मग मान वर करून तिनं विचारलं, "अनुषंग म्हणजे काय जी?" निरीक्षकबाई सांगायला गेल्या, थांबल्या, आणि हसायला लागल्या. शाळेतल्या सहा धरून सतरा मुली झाल्या तेव्हा त्यांनी हात वर केला. पुढचं गाव लांब होतं. म्हणाल्या, उरलेल्या पाच मी तुमच्या तोंडून ऐकते, माझ्यात आता चालायचं बळ नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. दिवाळीआधी पत्र आलं, पाचवी मंजूर, आधी एका वर्षापुरती, मग कायमची. बाई बेचाळीस दिवस पूर्ण करून माझ्या खांद्याला धरून उठल्या. पाय आधी काडीसारखा झाला होता, हळूहळू भरला. हिवाळ्यात त्या विहिरीपर्यंत आणि पुढे खेड्यांपर्यंत जाऊ लागल्या. नागपूरचं ऑपरेशन कधी लागलं नाही. करंगळी मात्र बधिरच राहिली, तिथे काटा रुतला तरी कळत नसे. आता डॉक्टर म्हणतात, पाठ दुखली तर एवढं निजू नये, जमेल तसं चालत राहावं. तेव्हा हेच औषध होतं. बाईंनीही भिंतीवर गुण फळ्याला दिला नाही. लिहिलं, "फळा की काळ, ठाऊक नाही."

पण तपासणीच्या त्या दिवशीचं राहिलं. मी आणि निरीक्षकबाई चिखलानं माखून परत आलो. बाई फळ्यावर तशाच होत्या. आमची वाट पाहून त्यांच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की तळव्यांवर नखं उठली होती. मी सांगायला सुरुवात केली ती संपवेचना. कोणत्या बांधीतून कोण बोललं, कोण धावत आलं, कुणी पत्र वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांत जात होतं. ते पुसायलाही त्या हात उचलत नव्हत्या. मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन आले तर निरीक्षकबाई कमरेवर हात ठेवून फळ्याशी उभ्या होत्या. हलक्या आवाजात विचारत होत्या, "यानं खरंच फरक पडतो का हो? दोन वर्षं झाली, माझाही उजवा पाय... दौऱ्यावर बैलगाडीत फार त्रास होतो. कुणाला सांगितलं नाही."

बडीबाईंचा चेहरा उजळला. त्या हळूहळू, तसूतसूनं फळ्याच्या कडेला सरकल्या, बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा केली आणि तिच्यावर थाप मारली.

"या, आडव्या व्हा आधी," त्या म्हणाल्या. "मंग सांगा, कळ कुठून निघते?"